ओपन हाऊस घेणाऱ्या एजंटचा अनुभव कसा असतो? घर त्यातून खरंच विकलं जातं का?

मी न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीमध्ये घरं विकते. एडिसन, पिस्कॅटवे, साउथ ब्रुन्स्विक हा माझा पट्टा. बहुतेक रविवारी दुपारी १ ते ४ मी कुणाच्या तरी घरात ओपन हाऊस घेऊन उभी असते, म्हणजे विकायचं घर त्या वेळात कुणालाही येऊन बघता येतं.

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग आधी घेते. कोपऱ्यावरची पाटी बघून सहज आत शिरलेल्या माणसाने तेच घर घेतलं, असं क्वचितच होतं. घेणारा फोटो बघून, कर्जाचं बोलून, मनाशी बरंच ठरवून आलेला असतो. ओपन हाऊस नसतं तरी तो मंगळवारी आला असता. तरी मी ओपन हाऊस सोडत नाही, कारण गुरुवारी घर बाजारात आणलं आणि रविवारी सगळ्यांना एकदम दाखवलं, की सोमवार-मंगळवारपर्यंत ऑफर्स हातात येतात. दारात बुटांचा ढीग दिसला की घेणाऱ्यालाही कळतं, आणखी दोन आठवडे विचार करायला वेळ नाही.

बुटांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या मी दाराशी ठेवते, पण आपली माणसं न सांगता बूट काढूनच आत येतात. मग एकजण थेट स्वयंपाकघरात. ओट्यावरचा पंखा हवा घराबाहेर टाकतो की तीच परत खोलीत सोडतो, हे आधी बघायचं, कारण पुढची वीस वर्षं फोडणी तिथेच बसणार. दुसरा दारात उभा राहून फोनवर दिशा बघतो. भारतातून आलेले आजोबा असले तर ते तळघरात उतरतात आणि भिंतीवर हात फिरवतात. मला या आजोबांचं फार कौतुक वाटतं. वरच्या मजल्यावर रंग नवा असतो, दिवे लावलेले असतात. पाणी कुठून येतं ते तळघर सांगतं: कोपऱ्यातला पाणी उपसायचा पंप, भिंतीच्या खालच्या वीतभरात फुटलेली पांढरी पूड, कार्डबोर्डचे खोके जमिनीवर न ठेवता फळीवर का ठेवलेत. आजोबा बोट पुढे करून मला ती पूड दाखवतात आणि एक शब्द बोलत नाहीत.

आता खरा अनुभव सांगते. सुरुवातीच्या वर्षांतला आहे आणि त्यात चूक माझी होती.

एक तरुण जोडपं आलं होतं. "ताई, तुम्ही पुण्याच्या का?" इथून गप्पा सुरू झाल्या, शाळा-कॉलेजपर्यंत पोचल्या. पंधरा मिनिटांनी नवरा ओट्याला टेकून हळूच म्हणाला, "मागितलेल्या किमतीवर तीस हजार डॉलर जास्त द्यायची तयारी आहे आमची. पण सुरुवात कमीनेच करतो. तुम्ही आपल्याच, म्हणून सांगतोय."

मी विकणाऱ्याची एजंट होते. माझी सगळी निष्ठा कायद्याने त्याच्याशी बांधलेली, आणि किमतीबद्दल मला कळलेली गोष्ट त्याच्यापासून लपवता येत नाही. मी ती सांगितली. घर त्या दोघांनाच मिळालं, पण जवळजवळ तेवढेच जास्त पैसे मोजून. व्यवहार पूर्ण झाला त्या दिवशी तिने माझ्या हातात पेढ्यांचा डबा ठेवला. नियम मी मोडला नव्हता. पण त्या पंधरा मिनिटांत "मी तुमच्या बाजूची नाही" हे मराठीत, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं. टेबलावर तसा कागद होता, इंग्रजीत. तो कोण वाचतं?

तेव्हापासून माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "या, घर निवांत बघा. पण मी विकणाऱ्यांची एजंट आहे. तुमचं बजेट, तुमची घाई, व्हिसाची अडचण, यातलं काही मला सांगू नका." काहींचा चेहरा पडतो. पडू दे. १७ ऑगस्ट २०२४पासून घर दाखवण्याआधी घेणाऱ्याला आपल्या एजंटशी लेखी करार करावा लागतो, पण नुसतं ओपन हाऊसला यायला तो लागत नाही. त्यामुळे एकटे, एजंटशिवाय येणारे बरेच असतात, आणि त्यांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

दुसरी अवघड जागा म्हणजे "इथे आपली लोकं आहेत का हो?" हा प्रश्न. जवळपास प्रत्येक मराठी कुटुंब विचारतं. मुलांना मराठी बोलणारं कुणी मिळावं, गणपतीला चार घरं जमावीत, एवढंच त्यामागे असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी उत्तर देत नाही. १९६८च्या फेअर हाऊसिंग कायद्याप्रमाणे वंश, धर्म, मूळ देश यांवरून मी कुणाला एखाद्या वस्तीकडे वळवू शकत नाही किंवा तिथून परतवू शकत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात त्या कायद्यावर सही झाली. "शेजारी कोण आहेत" याच चौकशीने या देशात कृष्णवर्णीय कुटुंबांना कितीतरी वस्त्यांबाहेर ठेवलं होतं, आणि आपण इथे मनाजोगतं घर घेऊ शकतो तेही त्याच कायद्याच्या आधाराने. म्हणून मी म्हणते, संध्याकाळी सातला या आणि गल्लीत एक फेरी मारा. मराठी शाळेचं इथल्या 'मराठी विश्व' या मंडळाच्या लोकांना विचारा. शाळांचे अहवाल राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर आहेत, ते स्वतः वाचा.

घर विकणाऱ्यांना मी एवढंच बजावते: औषधं, दागिने, पासपोर्ट कुलपात ठेवा आणि शनिवारी रात्री मासे तळू नका. मी स्वतः बाई माणूस, म्हणून तळघरात कधी पुढे उतरत नाही. पाहुणे पुढे, मी जिन्यापाशी, आणि शक्यतो कर्जाचं काम करणारी एक मैत्रीण बरोबर असते.

तुम्ही घेणारे म्हणून जाणार असाल तर घर आवडलं की नावडलं याची चर्चा तिथल्या ओट्याशी करू नका. बऱ्याच घरांत कॅमेरे असतात, आणि सगळे मलाही दाखवलेले असतात असं नाही. गाडीत बसा, काचा वर करा, मग बोला.