आधी घड्याळवाले काका गाठ, मग घड्याळ
वाचक विचारतात

प्रश्न : दादा, मी उद्यमनगरात वर्कशॉपला कामाला आहे, वय २४. स्मार्टवॉचचा कंटाळा आलाय, आता एखादं जुनं चावीचं घड्याळ घ्यायचंय, पहिलंच. ऑनलाइन तीन बघून ठेवलीत, नारिंगी डायलचं एचएमटी पायलट १,८०० ला, निळं सीको फाइव्ह २,२०० ला आणि एक फेवर लुबा सी किंग ४,५०० ला. तिन्हीच्या खाली 'ओरिजिनल, फुल सर्व्हिस' लिहिलंय आणि तिन्ही एकदम नवीकोरी दिसतात. बजेट ३,००० आहे, अगदीच भारी असलं तर ताणीन. कुठलं घेऊ?
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : भावा, तिन्ही सोड. चाळीसेक वर्षं कुणाच्या तरी मनगटावर घाम पिलेलं घड्याळ नवरदेवागत सजून फोटोला उभं आहे म्हटल्यावर त्याला कुणीतरी रंग फासलाय हे धरूनच चालायचं. असली रंगवलेली घड्याळं आपल्याकडनं एवढी बाहेर जातात की परदेशातले शौकीन पण त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. जुनी डायल खरवडायची, झकास रंग मारायचा, वर नाव परत छापायचं, काटे एकाचे, केस (घड्याळाची बाहेरची डबी) दुसऱ्याची आणि तीपण पॉलिश मारमारून कडा गोल झालेली. आतलं मशीन बऱ्याचदा खरं असतं, म्हणून विकणारा बिनधास्त ओरिजिनल म्हणतो आणि अगदीच खोटं बोलतो असंही नाही.

पायलट म्हणजे काळी डायल, पांढरे आकडे. नारिंगी, पोपटी, गुलाबी पायलट दिसलं की पुढं जायचं. सीकोचं ओळखायला त्यातल्या त्यात सोपं आहे, डायलच्या पार तळाला, सहाच्या खाली, बारीक अक्षरात नंबर असतो आणि त्याचे पहिले चार आकडे मागच्या झाकणावरच्या मॉडेल नंबरच्या पहिल्या चार आकड्यांशी जुळायला पाहिजेत, झाकणावर ७००९ तर डायलवर पण ७००९. रंगवलेल्या डायलवर हा नंबर गायब असतो नाहीतर वाचताच येत नाही. झाकणावर आणखी एक, सहसा सहा आकडी, सीरियल नंबर असतो, त्यातला पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना (ऑक्टोबरला ०, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी). दशक कुठलं ते मशीन कधीचं आहे त्यावरनं काढायचं. फेवर लुबाचं नाव मोठं, स्वित्झर्लंडची कंपनी, १७३७ पासूनची, पण त्यांची घड्याळं आपल्याकडं लई खपली म्हणून रंगवलेलीही तेवढीच. पहिल्याच घड्याळाला तिकडं जाऊ नको.

माझं ऐकशील तर साधी पांढऱ्या डायलची एचएमटी जनता घे. काही लोक सरकारी घड्याळ म्हणून नाक मुरडतात, मुरडू देत. तू उद्यमनगरातला, एचएमटी तुला लेथवरनं माहीत असणारच, त्याच कंपनीनं १९६१ ला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं करायला घेतली. जनतात साधारण ०२३१ नंबरचं १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांची झीज कमी करणारे बारीक खडे) मशीन असतं, सेकंदाला पाच ठोके म्हणजे तासाला १८,०००. हेच मशीन एचएमटीनं बाकीच्या मॉडेलमध्येपण घातलंय, त्यामुळं पार्ट मिळतात, आणि हे मशीन कधी उघडलं नाही असा जुना घड्याळवाला शोधूनही सापडायचा नाही. जानेवारी २०१६ ला केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली, भाव चढलेत, तरी तुझ्या बजेटात बसतंय अजून.

पण घड्याळाच्या आधी माणूस बघ. सुट्टीदिवशी महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, तुमची राजारामपुरी फिरून असे काका हुडक जे चावीची घड्याळं अजून स्वतः खोलतात, नुसता सेल आणि पट्टा बदलून देत नाहीत. जनता सगळी सुटी करून, धुऊन, ऑइलिंग करून द्यायचे किती घेता विचार आणि तेवढे पैसे ३,००० तनं आधीच बाजूला काढ, कारण ऑनलाइनवाल्यांची फुल सर्व्हिस म्हणजे बऱ्याचदा झाकण उघडून तेलाचा थेंब सोडला एवढंच असतं.

मग विकणाऱ्याकडं झाकण उघडून मशीनचा स्वच्छ फोटो माग. त्यावर एचएमटी आणि नंबर दिसला पाहिजे, चावीचा दांडा आत जातो तिथं गंज नको, स्क्रूची डोकी खरडलेली असली तर कुणीतरी पान्यानं कुस्ती खेळलंय समज. चावी भरतानाचा आणि चावी ओढून काटे फिरवतानाचा व्हिडिओ पण माग. डायलचा फोटो उजेडातला हवा, झूम करून मिनिटांच्या रेघा बघ, अक्षरं जाडबारीक आहेत का बघ. थोडी पिवळी पडलेली, डागाळलेली डायल मी कधीही आधी घेईन. फोटो द्यायला टाळाटाळ झाली की विषय संपला.

पैसे परत मिळायची सोय असेल तिथनंच घे, अनोळखी माणसाला यूपीआयवर अख्खी रक्कम आगाऊ टाकू नको, पार्सल फोडताना व्हिडिओ काढ. पैसे घेऊन माणूस गायब झाला तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लाव. वेगळाच माल आला आणि परत घेईनात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि घेतल्यावर रोज मिनिटभर मागंपुढं झालं तर काकांच्या मागं लागू नको, एवढं चालायचंच. पावसाळ्यात मात्र ते घालून गाडीवर भिजत हिंडायचं नाही, एवढ्या जुन्या घड्याळात पाणी जाणार म्हणजे जाणारच.

प्रश्न : आजोबांचं वेस्ट एंड कंपनीचं घड्याळ कपाटात सापडलं. आई म्हणते पूर्वी त्याचे आकडे अंधारात चमकायचे, आता चमकत नाहीत. मुलगा म्हणतोय जुना रंग खरवडून नवा लावू. लावू देऊ का?
(एक वाचक, कागल)

उत्तर : अजिबात नको ताई. १९६० च्या आधीचं असलं तर तो रंग खऱ्या, किरणोत्सर्गी रेडियमचाच समजा. चमक जाते ती त्यातला चमकणारा पदार्थ थकतो म्हणून, रेडियम जागेवरच असतं, त्याला निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. बंद घड्याळ कपाटात राहिलं तर घाबरायचं कारण नाही, पण खरवडलेली पूड श्वासातनं नाहीतर हाताला लागून पोटात जाणं वाईट. घरी उघडूच नका, दुरुस्तीला दिलंत तर काकांना आधी सांगा की आकड्यांवर जुना रेडियमचा रंग आहे.

प्रश्न : माझं चावीचं घड्याळ काल-परवापर्यंत बरोबर होतं, आता एकदम दिवसाला दहा मिनिटं पुढं पळतंय. बिघडलं का?
(एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : बहुतेक चुंबक लागलंय. स्पीकर, चुंबकाचं मोबाइल कव्हर, टॅबलेटचं झाकण असल्याशेजारी रात्रभर ठेवलं का आठवा. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून घड्याळ जवळ न्या, सुई हलली तर तेच. काकांकडं चुंबक उतरवायचं यंत्र असतं, काही सेकंदांचं काम. सुई हलली नाही तर केसासारख्या बारीक स्प्रिंगची वेटोळी तेलानं एकमेकाला चिकटली असतील, मग सर्व्हिसला टाका.