पणजोबांचे मेज : वय कसे ओळखावे, किंमत कशी ठरवावी?

प्रश्न : माझे पणजोबा मुंबईत वकिली करीत. त्यांचे लिहिण्याचे मेज वाटणीत माझ्याकडे आले आहे. वरचे झाकण उतरते असून त्यावर चामडे बसवलेले आहे. उजव्या बाजूला चार खण आहेत. डाव्या बाजूचे चार खण मात्र कधीच उघडलेले नाहीत. सुतार म्हणतो, ते उचकटून देतो आणि पॉलिशही नवे करतो. मेज किती जुने असेल, त्याची किंमत काय येईल? अमेरिकेतील धाकट्या भावाला ते हवे आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : सुताराला आधी थांबवावे. आपण वर्णन केलेल्या घडणीला डेव्हनपोर्ट म्हणतात आणि तिच्यात एका बाजूचे खण खरे, तर दुसऱ्या बाजूचे बहुधा केवळ दिखाऊ असतात; तेथे अखंड फळीवर मुठी बसवलेल्या असतात. उजवीकडचा एक खण पूर्ण बाहेर काढून त्याची लांबी मोजावी. ती मेजाच्या रुंदीच्या जवळपास भरली, तर डावीकडे खणांना जागाच उरत नाही. (चोरकप्पा असलाच तर झाकणाखालच्या छोट्या कप्प्यांच्या मागे शोधावा.)

ही घडण इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस आली व पुढे संपूर्ण एकोणिसाव्या शतकात चालली, त्यामुळे केवळ आकारावरून वय सांगता येत नाही. काढलेला खण उलटा करून पाहावा. आत पाइनचे लाकूड व बाहेर महोगनी किंवा अक्रोडाचा पातळ पापुद्रा असेल, तर मेज विलायती असण्याचा संभव अधिक. बाहेर भरीव शिसव आणि न दिसणाऱ्या भागांत सागवान असेल, तर ते येथेच घडले असावे. शिसवीवर दाट कोरीवकाम केलेले फर्निचर एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुष्कळ बनत असे. खणाच्या कोपऱ्यांतील डव्हटेल सांधे (कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दाते एकमेकांत अडकवलेले जोड) लहानमोठे असणे हे हातकामाचे लक्षण आहे. एखादा मूळ स्क्रू बोथट टोकाचा निघाला, तर मेज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे असू शकते. कुलपावर मात्र फार विसंबू नये. गोदरेजची कुलपे १८९७ नंतरची हे खरे. पण कुलूप मागाहूनही बदललेले असते, म्हणून त्याच्याभोवती जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोके आहेत का, ते पाहावे.

नुसत्या वर्णनावरून आकडा सांगणे हा अंदाजपंचे कारभार होईल. दुकानदार ज्या किमतीला विकतो, ती आपल्या हाती पडत नाही आणि विम्यासाठीचे मूल्यांकन तर त्याहून निराळे असते. तेव्हा खरेदीत रस नसलेल्या जाणकाराकडून लेखी मूल्यांकन घ्यावे. तोवर चामडे बदलू नये व जुने पॉलिश खरवडू नये. तासून चकचकीत केलेल्या मेजाची किंमत बहुधा उतरतेच.

भावाचा प्रश्न अधिक अवघड आहे. १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते व खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. मेज त्याहून अलीकडचे वाटल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळवावा आणि लाकूड शिसवी असेल, तर वन्यजीव व्यापाराचे नियमही (ते काही लाकडांनाही लागू होतात) पाठवणीपूर्वी तपासावेत.