गाभण शेळीला अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजलं तर चालतं का?

गाभण राहिल्यापासून पहिला महिना-दीड महिना अजिबात नको, पोटातल्या करडात व्यंग येऊ शकतं. गरज पडलीच तर डॉक्टरांना विचारून फेनबेंडाझोल हे दुसरं जंताचं औषध द्या. पण आधी शेळीची खालची पापणी उलटून बघा. लालसर असेल तर घाई नाही. पांढरट असेल तर रक्त पिणाऱ्या हिमोंकस जंताचा संशय घ्यायचा आणि लेंड्या तपासायला न्यायच्या. पाणथळ जागी चरणाऱ्या शेळीला यकृतातल्या चपट्या कृमींसाठी ऑक्सिक्लोझानाइडसारखं वेगळं औषध लागतं. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध तिथे कामाचं नाही.

डोस वजनावरच. अंदाजाने कमी पाजलं की जंत औषधाला सरावतात. आणि पाजताना शेळीचं तोंड फार वर धरू नका, ठसका लागून औषध फुफ्फुसात जातं.