मेहराब तिरपा का दिसतो?

प्रश्न : मुलगा इस्तंबूलला नोकरीला आहे. सोयाबीन निघालं की आम्ही दोघं जाऊ म्हणतो. आया सोफिया चर्च आहे की मशीद? आत काय बघावं? मंडळींचे गुडघे दुखतात, जिने किती आहेत?
– एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : आज ती मशीद आहे. जस्टिनियन बादशहाने ५३२ ते ५३७ मध्ये चर्च म्हणून बांधली, १४५३ मध्ये दुसऱ्या मेहमदने मशीद केली, १९३५ पासून संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद.

पर्यटकांना २०२४ पासून फक्त वरच्या सज्जात सोडतात. तिकीट २५ युरो. सज्जात जायची जुनी वाट म्हणजे पायऱ्या नाहीत, वळणं घेत जाणारी दगडी चढण आहे. दगड झिजून गुळगुळीत झालेत, तेव्हा चपला नकोत, रबरी तळाचे बूट घाला. वहिनींनी डोकं झाकायला उन्हाळ्यातला सुती दुपट्टा घ्यावा, दारात विकत घ्यायची गरज नाही. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजामुळे थांबवतात.

सज्जाच्या पश्चिम टोकाला मधोमध उभं राहता आलं तर समोर खाली बघा. अर्धगोल भिंतीच्या बरोबर मध्यावर मेहराब (नमाजासाठी मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) नाही, किंचित उजवीकडे वळलेला आहे. ही गवंड्याची चूक नव्हे. चर्चचं तोंड पूर्वेच्या अंगाला, मक्का त्याहून दक्षिणेला. भिंत काही फिरवता येत नाही, म्हणून मेहराब फिरवला! दोन धर्मांची वास्तू म्हणजे काय, ते इथे एका नजरेत कळतं. त्याच भिंतीवरची बाळ येशू आणि मरियेची प्रतिमा नमाजासाठी पडद्याआड करतात, ती दिसेलच असं नाही. खांबांवरचे आठ गोल फलक मात्र चुकणार नाहीत. अल्लाह, मुहम्मद, चार खलिफा, हसन, हुसैन अशी नावं. एकेक साडेसात मीटर व्यासाचा, आपल्या शेतातल्या मोठ्या विहिरीच्या तोंडाएवढा.

दक्षिण सज्जात ख्रिस्त, मरिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान यांचं मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र आहे. खालचा बराच भाग झडलाय, चेहरे शाबूत आहेत. घाई न करता बघा : चेहऱ्यांवरची सावली डावीकडच्या खिडकीच्या उजेडाशी जुळवून घडवली आहे. सज्जाच्या संगमरवरी कठड्यावर उत्तर युरोपातून आलेल्या हाफदान नावाच्या कुणा व्हायकिंगने आपलं नाव कोरून ठेवलंय. गडांवर नावं कोरणारे तिथेही होतेच.

तिकिटाआधी व्हिसाचं बघा. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशाचा (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांपैकी एकाचा) चालू व्हिसा वा निवास परवाना असेल तरच भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो. नसेल तर पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. सोयाबीन निघायची वाट बघत बसू नका, अर्ज आधीच टाका.