कोणतं टॉनिक दिलं की लेकरू बोलेल?

"तीन वर्षांचं होत आलं, पण 'आई', 'पाणी' अन् 'नाही' याच्या पुढं गाडी जात नाही. टॉनिक कोणतं द्यावं?" विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून समुपदेशनाला येणारे पालक बहुतेक वेळा सुरुवात इथूनच करतात, आणि तोवर घरात दोन-तीन बाटल्या संपलेल्या असतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं प्रकरण घेऊ. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आईनं पिशवीतून एकेक वस्तू टेबलावर मांडली. मल्टिव्हिटॅमिन सिरप, 'मेंदूसाठी' म्हणून मिळालेलं ओमेगा-3 सिरप, व्हिटॅमिन डीच्या 60,000 युनिटच्या पुड्या, आणि कागदात गुंडाळलेला वेखंडाचा तुकडा, सहाणेवर उगाळून एका टोकाला झिजलेला. आजीचं निदान तयार होतं: "त्याच्या बापालेबी उशिराच वाचा फुटली जी. जीभ जड हाय, वेखंड लावलं का सुटते."

पिशवीत नव्हता तो एकच कागद: कानाच्या तपासणीचा. "टाळी वाजवली की वळतो ना," असं घरचे सांगतात. टाळी मोठा आवाज आहे. कान थोडे कमी ऐकत असतील तरी मूल टाळीला, कुत्र्याच्या भुंकण्याला वळतं. पण 'स', 'श', 'ख' असे बारीक आवाज त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, आणि जे ऐकूच आलं नाही ते बोलणार कुठून? म्हणून आधी कान, मग रक्त, मग बाटली. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही तपासणी मोफत होते. कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट पाहत बसू नये. आशाताईंकडून चिठ्ठी घेऊन थेट जावं. कानाच्या यात दोन चाचण्या असतात: ओएई काही मिनिटांची असते, बेरा मूल झोपेत असताना करतात.

या मुलाच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. सतत सर्दी असणाऱ्या मुलांत हे नेहमीचं. बरेचदा ते आपोआप ओसरतं, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. हिमोग्लोबिन 8.6 निघालं, या वयात 11 हवं. थायरॉईड ठीक होतं. घरी मीठ आयोडीनयुक्त होतं, तो मुद्दा तिथंच संपला.

आता बाटल्या. मल्टिव्हिटॅमिन 'रक्त वाढवायला' आणलं होतं, पण लेबल वाचलं तर त्यात लोह नव्हतंच. डॉक्टरांनी लोहाचं सिरप वेगळं लिहून दिलं. उपचाराचा हिशेब साधारण किलोमागे रोज 3 मि.ग्रॅ. लोह. मुलाचं वजन 12 किलो, म्हणजे 36 मि.ग्रॅ.; सिरपच्या 5 मि.ली.मध्ये 30 मि.ग्रॅ., म्हणून डोस 6 मि.ली. घरचा चमचा नको, बाटलीवरचं मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा. दोन जेवणांच्या मधे, लिंबूपाण्यासोबत किंवा संत्र्याच्या फोडींसोबत द्या. दूध आणि चहासोबत दिलं तर लोह अंगी लागत नाही, आणि आपल्याकडं सकाळी चहात टोस्ट बुडवूनच लेकराचा दिवस उजाडतो! शी काळी होते, घाबरून बंद करू नका. हिमोग्लोबिन भरल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं. बहुतेक घरं इथंच थांबतात आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच. हा उपचार चालू असेपर्यंत अंगणवाडीतला लोहाचा आठवड्यातून दोनदाचा 1 मि.ली. डोस थांबवायचा, तसं सेविकाताईंना सांगून ठेवायचं.

आणि बाटली उंचावर, कुलपात. 200 मि.ली.च्या त्या बाटलीत 1200 मि.ग्रॅ. लोह असतं. गोड चवीपायी 12 किलोच्या मुलानं सगळी रिचवली तर किलोमागे 100 मि.ग्रॅ. पोटात जातं, 60 च्या वर जिवावर बेतू शकतं.

व्हिटॅमिन डीची पुडी 'आठवड्याला एक' होती, घरी ती 'आठवडाभर रोज' अशी ऐकली गेली. उलट्या, बद्धकोष्ठता, जास्त तहान अशी लक्षणं नव्हती, रक्तातलं कॅल्शियमही ठीक आलं, म्हणून निभावलं. वेखंड मात्र बंदच करायला सांगितलं. त्यातल्या बीटा-ॲसरोन या घटकामुळं अमेरिकेनं 1968 साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली, आणि लहान मुलांना त्यानं जबर उलट्या होऊ शकतात. आजींना हे पटलं असं नाही. "मंग बाहेरून लावतो" एवढ्यावर तडजोड झाली.

तीन महिने रोज दोनदा पंधरा मिनिटं घरचं काम ठरलं: मोबाईल-टीव्ही बंद, मुलाच्या समोर, त्याच्या उंचीला बसायचं. तो 'म्हैस' म्हणाला तर "म्हैस आली" एवढंच, एक शब्द वाढवून. काही विचारलं की मनात पाच आकडे मोजून थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात कठीण जातं, आजी आधीच उत्तर देऊन टाकते.

तीन महिन्यांनी कानातलं पाणी ओसरलं होतं, हिमोग्लोबिन 11 च्या जवळ होतं, मुलगा "बाबा शेतात" असं दोन शब्द जोडून बोलत होता. बाबांनी श्रेय ओमेगाला दिलं, कारण ती बाटली सगळ्यात महाग होती. यात त्यांची चूक काढण्यासारखं काही नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाचेची अ‍ॅप्रॅक्सिया (बोलण्यासाठी लागणाऱ्या तोंडाच्या हालचाली मेंदूला नीट जुळवता न येणं) असलेल्या 187 मुलांना ओमेगा-3 आणि व्हिटॅमिन ई दिलं आणि 181 कुटुंबांनी मोठी सुधारणा सांगितली. पण ते न घेणाऱ्या मुलांचा गट तुलनेला नव्हता, आणि या वयात मुलं वाढतच असतात. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या की कोणती कामी आली ते घरात बसून कळत नाही. द्यायचंच असेल तर माशाचं तेल आणि कॉड लिव्हर ऑइल यांत गल्लत करू नका. दुसऱ्यात व्हिटॅमिन ए असतं, आणि ते अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी मोठ्या डोसात मिळतंच. जवसाची चटणी खुशाल द्या, तिखट बेतानं. जवसातल्या ओमेगाचं शरीरात डीएचए (माशाच्या तेलात असतो तो ओमेगा-3 चा प्रकार) फार थोडं होतं, तेवढंच लक्षात असू द्या. अंडं चालणाऱ्या घरात अंडं उत्तम. माळकरी घरात दूध-दही नेमानं द्या आणि बी-12 तपासून घ्या, मुलाचं आणि अंगावर पाजणाऱ्या आईचंही.

एका बाबतीत मात्र तीन महिने थांबायचं नाही. बोलत असलेलं मूल बोलायचं बंद झालं, शब्द विसरू लागलं, हात थरथरू लागले किंवा झटके येत असतील, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ गाठा.