पत्र्याच्या पेटीतल्या निगेटिव्ह

प्रश्न : अर्नेस्ट कोल या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकारावरचा राऊल पेक यांचा माहितीपट पाहिला. त्यांच्या निगेटिव्ह स्टॉकहोमच्या बँकेत सापडल्या. आमच्याकडे आजोबांनी १९६०च्या सुमारास जुन्या गिरणीत काढलेल्या निगेटिव्ह माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत आहेत. पेटी उघडली की आंबूस वास येतो. काय करावं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पेटी आजच माळ्यावरून उतरवा. तो वास व्हिनेगरचा आहे. अॅसिटेट फिल्म (त्या काळातली प्लास्टिकसारखी फिल्म) उष्णतेने आणि दमटपणाने कुजते, तिच्यातून आम्ल सुटतं आणि बंद पेटीत कोंडून शेजारच्या रोलनाही लागतं. सोलापूरचा मे महिना पत्र्याखाली काढणं म्हणजे फिल्मला भट्टीत ठेवणंच. कोल यांच्या सुमारे ६०,००० निगेटिव्ह २०१७ मध्ये हाती आल्या त्या थंड मुलखातल्या तिजोरीतून.

वास येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढा. कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं आहे का पाहा. नसेल आणि फिल्म १९५०च्या आधीची असेल, तर ती नायट्रेटची, भयंकर ज्वालाग्राही असू शकते. ती घरात न ठेवता जाणकाराला दाखवा. चिकटलेल्या पट्ट्या ओढू नका, प्रतिमेचा थर सोलून निघतो. ज्या वाकड्या झाल्यात त्या आधी स्कॅन करा : ३५ मिमीसाठी ३२०० डीपीआय, १६ बिट, टिफ फाइल (हिच्यात तपशील गमावत नाही). जेपीईजी फक्त नातेवाइकांना पाठवायला.

मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत. बटर पेपर पावसाळ्यात चिकटतो. आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या. ती दोन झिपच्या पिशव्यांत, मध्ये सिलिका जेलची पुडी ठेवून, फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं.

आता सर्वात महत्त्वाचं. वैद्यकीय तपासणीसाठी भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभे केलेले नग्न खाणकामगार : कोल यांचं हे चित्र वर्णभेदाची साक्ष ठरलं. कोल १९६६ मध्ये देश सोडून गेले, १९६७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकावर मायदेशी बंदी आली. फेब्रुवारी १९९० मध्ये, मंडेला सुटल्यावर आठवडाभराने, ते न्यूयॉर्कला वारले. नंतर हजारो फ्रेमबद्दल त्यांना विचारता आलं नाही. तुमच्या आजोबांच्या फ्रेममधला साच्यावरचा, म्हणजे गिरणीतल्या यंत्रावरचा, माणूस कोण, हे चाळीतल्या जुन्या कामगारांना अजून विचारता येईल. स्कॅनच्या प्रती छापून घेऊन जा. नाव, खातं, पाळी, वर्ष पाकिटावर पेन्सिलीने लिहा, आणि तेही निगेटिव्ह आत सरकवण्याआधी. नंतर लिहिलं तर टोकाचा दाब फिल्मवर उमटतो.