आजारपण कॅरिबियनच्या बोटीवर, दावा मात्र पर्वरीत

प्रश्न : आम्ही डिचोलीला राहतो. मी, नवरा, दोन मुलं आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे पाचजण डिसेंबर २०२५ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा क्रूझवर गेलो. मायामीहून निघणारी सात रात्रींची कॅरिबियन सफर होती. विमान, व्हिसा, बोट, प्रवास विमा असं सगळं धरून पणजीच्या एका ट्रॅव्हल एजंटाला सप्टेंबरात ९ लाख ६० हजार दिले. वर ४८ हजार टीसीएस (एजंटाने आगाऊ कापून सरकारात भरायचा कर) वेगळा. विम्यासाठी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, कोणाला काही आजार आहे का? मी लिहिलं, सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे. त्याचं उत्तर आलं, ‘काही प्रॉब्लेम नाही, मी भरतो.’ वाऱ्यामुळे बोट सेंट मार्टेनला लागलीच नाही. चौथ्या रात्री सासूबाईंना ताप भरला, दम लागला. बोटीवरच्या डॉक्टरने त्यांना सकाळी सान हुआनला (अमेरिकेच्या अखत्यारीतलं पोर्तो रिको बेट) उतरवलं. नवरा त्यांच्याबरोबर गेला, मी मुलांना घेऊन बोटीवर राहिले. निदान न्यूमोनिया. तीन दिवस इस्पितळात काढले. बोटीवरच्या दवाखान्याचे २,७०० डॉलर कार्डावर गेले. इस्पितळ आणि रुग्णवाहिकेचे १५,७०० झाले, त्यातले ५,००० भरले, बाकीच्यासाठी पत्रं येतात. फेब्रुवारीत विमा कंपनीने दावा फेटाळला : आधीचा आजार लपवला म्हणे. अर्जात आजाराच्या रकान्यात ‘नाही’ आहे. तो अर्ज आम्ही कधी पाहिलाच नव्हता. एजंट म्हणतो, मी फक्त मधला माणूस, आणि पावतीच्या मागे लिहिलंय की वाद झाला तर मुंबईत लवाद. आता ५० हजार घ्या आणि नवऱ्याने एका कागदावर सही करून विषय मिटवा, असा आग्रह धरतोय. नवऱ्याचा मावसभाऊ तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला आहे. तो म्हणतो, बोट कंपनीवर अमेरिकेत केस टाका. आम्ही काय करावं? बिल राहिलं तर पोलीस येतील का? पुन्हा व्हिसा मिळेल का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी हे : ५० हजारांच्या त्या कागदावर सही करू नका. तुमचा एकूण खर्च १८,४०० डॉलर, म्हणजे साधारण साडेसोळा लाख रुपये. ‘पूर्ण आणि अंतिम समझोता’ असं लिहिलेल्या कागदावर सही झाली, तर उद्या ग्राहक आयोगापुढे समोरचा वकील सर्वांत आधी तोच कागद दाखवेल. अशी सही दबावाने किंवा फसवून घेतली असेल तर ती ग्राहकाच्या आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली विम्याच्याच प्रकरणात सांगितलं आहे. पण दबाव होता हे मग तुम्हाला सिद्ध करावं लागतं. ते ओझं अंगावर घ्यायचं कशाला? एजंट एकट्या तुमच्या यजमानांची सही मागतोय, हेही मला खटकलं. आपल्या गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मिळकत समाईक असते. या प्रवासाला गेलेले पैसे तुमचेही आहेत, आणि विमा तर सासूबाईंचा होता.

मावसभावाचा सल्ला मनापासूनचा आहे, पण तो मार्ग तुमच्यासाठी नाही. क्रूझच्या तिकिटासोबत एक लांबलचक करार असतो. दावा कुठल्या शहरातल्या न्यायालयात करायचा हे त्यात आधीच ठरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते शहर कंपनीच्या सोयीचं. वॉशिंग्टन राज्यातल्या एका दांपत्याने याला आव्हान दिलं होतं. मेक्सिकोजवळच्या समुद्रात जहाजावर पाय घसरून पत्नीला इजा झाली, त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला, आणि १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिकिटावरची फ्लोरिडाची अट ग्राह्य धरली. खुद्द अमेरिकेतल्या माणसांना देश ओलांडून जावं लागलं, तिथे डिचोलीहून लढण्याचा खर्च काय होईल? शारीरिक इजेच्या दाव्यासाठी सहा महिन्यांत नोटीस आणि वर्षात दावा, इतकी आखूड मुदत कराराने घालायलाही तिथला कायदा परवानगी देतो. आणि मुळात बोटीवरच्या डॉक्टरने केलं ते योग्यच केलं. रात्री तपासलं, सकाळी किनाऱ्यावर इस्पितळात पोचवलं. त्याच्याविरुद्ध तुमची तक्रार नाही. सेंट मार्टेन चुकलं त्याबद्दल करार कंपनीला मार्ग बदलण्याची मुभा देतो. त्या बंदराचा कर परत जमा झालाय का एवढं बोटीच्या अंतिम बिलात पाहा. न वापरलेल्या तीन रात्रींचे पैसे बोट कंपनी देणार नाही, पण पॉलिसीत ‘प्रवास अर्धवट सोडावा लागणे’ हे कलम असलं तर तो दावा विम्याकडे लागतो. ते आवर्जून शोधा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तुमचं सगळं प्रकरण तुम्ही सप्टेंबरात पाठवलेल्या त्या एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशावर उभं आहे, आणि तो चांगला भक्कम आधार आहे. तुम्ही काही लपवलं नाही. विचारलं तेव्हा खरं सांगितलं. ते खरं कागदावर का उतरलं नाही, याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही; ते त्या दोघांनी द्यायचं.

पॉलिसीचं पहिलं पान काढा. त्यावर मध्यस्थाचं नाव आणि क्रमांक छापलेला असतो. तिथे तुमच्या एजंटाचं नाव विमा कंपनीचा एजंट म्हणून असेल, तर करार कायद्याचं कलम २२९ तुमच्या बाजूने उभं राहतं : कामकाजाच्या ओघात एजंटाला दिलेली माहिती ही त्याच्या मालकालाच दिली असं कायदा धरतो. म्हणजे बीपीची गोळी विमा कंपनीला माहीत होती आणि ‘लपवलं’ हा शब्दच टिकत नाही. तिथे दुसऱ्याच कोणा दलालाचं नाव असेल, किंवा तुमच्या एजंटाने फक्त तुमच्या वतीने फॉर्म भरून दिला असेल, तर तो तुमचा एजंट ठरतो. मग कलम २१२ लागू होतं : काम सावधपणे करणं हे त्याचं कर्तव्य, आणि हयगयीतून थेट झालेलं नुकसान त्याने भरून द्यायचं. ‘मी मधला माणूस’ म्हणून तो सुटत नाही. मधल्या माणसाचीही जबाबदारी असते, आणि इथे तर ‘मी भरतो’ असं त्याने स्वतः लिहून दिलंय.

म्हणूनच माझं मत असं की विमा कंपनी आणि एजंट या दोघांना एकाच तक्रारीत सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष करा. वेगवेगळं लढलात तर विमा कंपनी म्हणेल एजंटाने चुकीचं भरलं, एजंट म्हणेल कंपनीने पैसे द्यायला हवे होते, आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं तो समोर नसेल. एका खोलीत दोघं असले की ही टोलवाटोलवी चालत नाही.

विमा कंपनीविरुद्ध तुमच्याकडे आणखीही जोर आहे. सासूबाईंना झाला न्यूमोनिया. कंपनी सांगते बीपी. या दोहोंचा संबंध काय, हे कंपनीने दाखवावं. २०१५ साली एका आयुर्विमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, न सांगितलेल्या पाठीच्या दुखण्याचा मृत्यूच्या कारणाशी संबंध नाही म्हणून विमेदाराच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. तुमच्या आणखी जवळचं प्रकरण ६ डिसेंबर २०२१ चं आहे. परदेश प्रवासाचा विमा घेऊन अमेरिकेला गेलेल्या गृहस्थांना सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर हृदयविकाराचा झटका आला. कंपनीने आधीच्या औषधांचं कारण काढून दावा नाकारला. प्रकृतीची स्थिती जोखून पॉलिसी दिल्यावर, ग्राहकाने उघड केलेल्याच आजाराकडे बोट दाखवून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं. त्यांची प्रवासापूर्वी वैद्यकीय तपासणी झाली होती, सासूबाईंची झाली नव्हती. हा फरक कंपनीचा वकील दाखवणारच. २००९ च्या एका निकालाचाही तो आधार घेईल, ज्यात प्रस्ताव अर्जात आजार दडवणं विमेदाराला महागात पडलं होतं. मी हे आधीच सांगते, कारण तुमचा खटला चांगला आहे पण आपोआप जिंकणारा नाही. तुमच्या बाजूचा फरक हा, की तुम्ही दडवलं नाही आणि त्याचा लेखी पुरावा आहे.

शिवाय पॉलिसीची वगळणुकीची कलमं नीट वाचा. परदेश प्रवासाच्या बऱ्याच पॉलिसींत, आजार जुना असला तरी जीवघेण्या प्रसंगी प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च मिळतो. तुमच्या पॉलिसीत तसं असेल तर कंपनीचं पत्र तिच्याच कागदाविरुद्ध जातं.

मुंबईतल्या लवादाच्या अटीला घाबरू नका. ग्राहकाला लवादाकडे जाण्याची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. डिचोली उत्तर गोव्यात, आणि उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग पर्वरीला, म्हणून तुमचं ठिकाण पर्वरी. तुमचा दावा साडेसोळा लाखांचा असला तरी आयोगाची पायरी ठरते ती तुम्ही मोजलेल्या किमतीवरून, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. तुम्ही मोजले ९ लाख ६० हजार. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख. पाच ते दहा लाखांच्या टप्प्यात शुल्क फक्त २०० रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. तक्रारदार म्हणून सासूबाईंचं नाव पहिलं घाला, मग तुम्हा दोघांचं. पैसे दुसऱ्याने भरले तरी सेवेचा लाभार्थी कायद्याने ग्राहकच असतो. सासूबाईंना प्रत्येक तारखेला यावं लागणार नाही. त्यांचं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर चालतं.

सामनेवाल्यांना उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ही मर्यादा सक्तीची ठरवली, तेव्हा वेळकाढूपणा झाला तर हरकत घ्या. कायदा तीन महिन्यांत निकाल अपेक्षितो. प्रत्यक्षात जास्त लागतात, तयारी ठेवा. तक्रारीची मुदत दोन वर्षं. ती दावा नाकारल्यापासून मोजली जाते, पण एजंटाचा दोष त्याआधीचा म्हणून त्याचा वकील मुदतीवर वाद घालेल. तेव्हा मुदत संपायची वाट न पाहता ती येत्या दोन महिन्यांत दाखल करा.

विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी निवारणारा अधिकारी, हा दुसरा रस्ता आहे. गोव्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात, शुल्क नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं आणि दावा नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. पण ग्राहक आयोगात प्रकरण चालू असताना लोकपालांकडे जाता येत नाही. फक्त विमा कंपनीशी भांडण असतं तर मी तोच रस्ता आधी सुचवला असता. तुमच्या बाबतीत एजंटाचं वागणं या भांडणाच्या गाभ्याशी आहे, म्हणून मी पर्वरीच निवडेन.

पुराव्याचं काम आज संध्याकाळीच करा. तो फोन बदलू नका, विकू नका, चॅट पुसू नका. संपूर्ण संभाषण निर्यात करून मेलवर ठेवा, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. फोनमधला पुरावा ग्राह्य धरला जावा म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र तक्रारीसोबत जोडू. विमा कंपनीकडे भरलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत लेखी मागा. तो कोणी, कुठून, कधी भरला हे त्यावरून कळेल. सासूबाईंच्या डॉक्टरांकडून बीपी किती वर्षं आणि कसं नियंत्रणात आहे याचं पत्र घ्या. सान हुआनच्या इस्पितळाची डिस्चार्ज समरी आणि बाबवार बिल मागवा. मग दोघांना नोटीस, पंधरा दिवसांची.

आता तुमची झोप उडवणारा प्रश्न. इस्पितळाचं बिल हे दिवाणी देणं आहे. त्यासाठी कोणी पोलीस पाठवत नाही. तिथल्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तरी तो इथे थेट बजावता येत नाही, कारण ज्या देशांचे हुकूमनामे इथे थेट बजावता येतात, त्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालच्या घोषित देशांत अमेरिका नाही. त्यांना भारतात नव्याने दावा करावा लागेल. बिल थकल्याने व्हिसा आपोआप रद्द होत नाही. पण पुढे मुलाखतीत विचारलं तर खरं सांगा आणि कागद दाखवा. म्हणूनच पत्रांना उत्तर न देणं मला पटत नाही. त्या लोकांनी तुमच्या सासूबाईंवर उपचार केलेत. त्यांना लिहा की विम्याचा वाद चालू आहे, रोख भरणाऱ्यांसाठी रक्कम कमी करून हप्ते देता येतील का. तिथली इस्पितळं अशी तडजोड पुष्कळदा करतात. आयोगाकडे मागताना उरलेले १०,७०० डॉलर वेगळे दाखवा, म्हणजे आदेश झाला तर कंपनीने ते थेट इस्पितळाला भरावेत असं मागता येईल. भरलेल्या रकमेवर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्चही मागा.

आणि ते ४८ हजार टीसीएसचे. ते बुडालेले नाहीत. ते ज्यांच्या पॅनवर कापले, बहुधा तुमच्या यजमानांच्या, त्यांच्या २६एएस विवरणात (पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा तपशील) दिसायला हवेत. दिसत नसतील तर एजंटाने ते सरकारात भरलेच नाहीत का, हे नोटिशीतच विचारू. दिसत असतील तर या वर्षीच्या विवरणपत्रात, ३१ जुलै २०२६ च्या आत, करातून वळते किंवा परत मागा.